वेगळा वर्ग ठीक, पण परत कधी?

मागच्या अंकात मी युरोपातल्या क्रोएशिया देशातल्या रोमा मुलांच्या, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत त्या समाजाच्या मुलांच्या, खटल्याबद्दल थोडक्यात लिहिलं होतं. शाळेने आम्हाला फक्त रोमा मुलांच्या वर्गात बसवलं, अशी तक्रार घेऊन पंधरा मुलं स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली आणि 16 मार्च 2010 रोजी तिथल्या मोठ्या पीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 'ओर्शुश आणि इतर विरुद्ध क्रोएशिया' या नावाने तो ओळखला जातो. देश अवघ्या 39 लाख वस्तीचा, पण त्या मजकुरावर पत्रं पुष्कळ आली. बरीच शिक्षकांची आहेत आणि काही रागावलेलीही आहेत. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : बाई, लेख वाचला, पण पटला नाही. माझ्या पहिलीच्या वर्गात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुलं बसतात. त्यातली काही घरी बंजारा बोली बोलतात. चाळीस मुलांत त्यांच्याकडे लक्ष देणं होत नाही. त्यांच्यासाठी कुणी वेगळा वर्ग दिला तर मी आनंदाने घेईन. क्रोएशियातल्या शाळेने तेच तर केलं. मग त्यात भेदभाव कुठे आला?
– प्राथमिक शिक्षिका, जिल्हा सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातला शीण मला परका नाही. धडगावच्या डोंगरातल्या शाळांवर माझी उमेदीची वर्षं गेली. घरी पावरी बोलणारी मुलं पहिलीत यायची आणि माझं मराठी त्यांच्या कानांवरून जायचं. तेव्हा आधी एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला आवडेल. वेगळा वर्ग म्हणजे भेदभावच, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. शाळेची भाषा कच्ची आहे म्हणून मुलांना काही काळ वेगळं शिकवलं, तर तेवढ्याने कायदा मोडत नाही, असं निकालात स्पष्ट लिहिलं आहे. क्रोएशियाचं सरकार हरलं ते त्याच्या पुढच्या प्रश्नांवर.

मेजिमुर्ये हा क्रोएशियाचा अगदी उत्तरेचा जिल्हा. द्रावा आणि मुरा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेला, जेमतेम 730 चौरस किलोमीटरचा. एका बाजूला स्लोव्हेनिया, दुसऱ्या बाजूला हंगेरी. जिल्ह्याचं गाव चाकोवेत्स. क्रोएशियात रोमांची वस्ती सर्वांत दाट इथेच आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात 5,107 जणांनी आपण रोमा असल्याचं नोंदवलं. बहुतेकांच्या वस्त्या गावाबाहेर, वेगळ्या.

मात्सिनेत्स नावाच्या गावातल्या शाळेत 2001 साली 445 मुलं होती, त्यात 194 रोमा. या 194 पैकी 142 मुलं सहा वर्गांत बसत आणि त्या सहा वर्गांत रोमा सोडून दुसरं एकही मूल नव्हतं. उरलेली 52 मिश्र वर्गांत. पोडतुरेनच्या शाळेत 463 मुलांत 47 रोमा. त्यांतली 17 एका वेगळ्या वर्गात, 30 मिश्र वर्गांत. सरकारने याच आकड्यांवर बोट ठेवलं. रोमा मुलं मिश्र वर्गांतही आहेत, मग आम्ही जात-वंश बघून वेगळं काढलं असं कसं म्हणता? ज्यांना क्रोएशियन येत नाही तेवढ्यांनाच वेगळं बसवलं.

बिनतोड वाटावा असा हा युक्तिवाद. पण न्यायाधीशांनी शाळेचे कागद मागवून बारकाईने पाहिले. मुलांना क्रोएशियन येत नाही हे ठरवलं कसं? दाखल होताना चाचणी घेतली होती, पण ती मुलाच्या एकूण शारीरिक-मानसिक तयारीची. भाषा किती येते हे मोजणारी चाचणी नव्हतीच. बरं, भाषा कच्ची म्हणून वेगळं बसवलं, तर त्या वर्गात भाषेचे जादा तास किती झाले? काही मुलांना अमुक वर्षी थोडे जादा तास मिळाले, काहींना मिळालेच नाहीत, आणि ठरवून आखलेला असा कार्यक्रम दिसेना. मुलाची भाषा सुधारली की त्याला मिश्र वर्गात कधी, कोण, कशाच्या आधारे हलवणार? त्याची ठरलेली पद्धत नव्हती. यातली काही मुलं शाळा सोडेपर्यंत त्याच वर्गात राहिली. आणि भाषा येत नाही म्हणून वेगळं बसवण्याचा हा उपाय देशभर नव्हे, तर याच जिल्ह्यातल्या मोजक्या शाळांत होता आणि फक्त रोमा मुलांनाच लावलेला होता.

ताई, आता तुमच्या मनातला वर्ग आणि तो वर्ग शेजारी ठेवून बघा. तुम्ही वेगळा वर्ग मागता तो मुलांना लवकर बाकीच्यांच्या बरोबरीने आणण्यासाठी. तिथे मुलं आत गेली आणि त्यांना बाहेर आणायचं काम कुणाच्याच गळ्यात नव्हतं. मुलांच्या वकिलांनी न्यायालयात आकडा दिला होता की मेजिमुर्येतली 84 टक्के रोमा मुलं प्राथमिक शाळा पुरी करत नाहीत. तिथली प्राथमिक शाळा आठ इयत्तांची असते आणि पंधराव्या वर्षापर्यंत सक्तीची. म्हणजे वय संपलं की मूल मोकळं, इयत्ता कितवीही असो.

आपल्या कायद्याने इथे एक शहाणपणा केला आहे, त्याकडे शिक्षकांचंही फारसं लक्ष जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार उशिरा दाखल झालेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं. त्या प्रशिक्षणाला नियमांनी मुदत घातली आहे : कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. ही मुदत मला त्या कलमाचा जीव वाटते.

विस्तार अधिकारी म्हणून शाळा तपासायला जायचे तेव्हाचं सांगते. 'अप्रगत' मुलांच्या याद्या करायची टूम निघाली होती. एका शाळेत चौथीच्या वर्गात खिडकीकडेला एक रांग वेगळी मांडलेली. गुरुजी कौतुकाने म्हणाले, ही माझी अप्रगत मुलं, यांच्यावर मी खास लक्ष देतो. मी हजेरीपत्रक घेतलं आणि नावांपुढे वस्ती बघितली. रांगेतलं एकूणएक मूल गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरचं. विचारलं, ही मुलं या रांगेत कधीपासून? पहिलीपासून. या रांगेतून त्या रांगेत आजवर कोण गेलं? गुरुजींनी आठवून पाहिलं. एक मुलगी गेली होती, म्हणाले, तिचे वडील पोलिसात लागले तेव्हा.

ते गुरुजी दुष्ट नव्हते, चांगलं शिकवायचे. मेजिमुर्येतले शिक्षकही दुष्ट होते असं निकालात कुठे म्हटलेलं नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते : वेगळा गट जरूर करा. ज्या दिवशी कराल त्या दिवशी वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला आज काय येतं ते लिहा, आणि परत कधी तपासणार ती तारीख लिहा. त्या तारखेला तपासा.

प्रश्न : पालकांनी वेळीच तक्रार का केली नाही? शाळेने सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं. नंतर न्यायालयात जाऊन नुकसानभरपाई मागायची, हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वेळीच गेले नाहीत हे खरं नाही. 2002 च्या एप्रिलमध्ये चाकोवेत्सच्या न्यायालयात दावा दाखल झाला होता. त्याच वर्षी तो दोन्ही पायऱ्यांवर फेटाळला गेला. मग देशाच्या घटना न्यायालयात गेले. तिथे निकाल लागला 7 फेब्रुवारी 2007 रोजी, म्हणजे चार वर्षं उलटल्यावर. तोवर यातल्या कित्येक मुलांचं शाळेचं वयच निघून गेलं. या दिरंगाईबद्दलही स्ट्रासबर्गने क्रोएशियाला वेगळं दोषी धरलं.

पण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा संमतीचा आहे, आणि त्याचं उत्तर ओर्शुशच्या आधी याच न्यायालयाने निकालात काढलेल्या एका खटल्यात मिळतं. चेक प्रजासत्ताकात ओस्ट्रावा नावाचं कोळसा-पोलादाचं शहर आहे. तिथल्या अठरा रोमा मुलांना मतिमंद मुलांसाठीच्या विशेष शाळांत घातलं होतं. त्या शहरात एकूण प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा सव्वादोन टक्के, आणि विशेष शाळांतल्या मुलांत मात्र निम्म्याहून जास्त. रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलापेक्षा 27 पट. तिथे पालकांनी खरोखरच सह्या केल्या होत्या. सरकार म्हणालं, बघा, संमती आहे.

13 नोव्हेंबर 2007 च्या निकालात मोठ्या पीठाने 13 विरुद्ध 4 मतांनी ते मोडून काढलं. एक तर, ज्या पालकाला स्वतःला शाळा नीट मिळाली नाही, त्याच्यासमोर छापील फॉर्म ठेवून सही घेतली, तर त्याला पर्याय काय होते, पुढे मुलाच्या दहावी-बारावीचं काय होणार, हे कळलं होतं असं धरता येत नाही. आणि दुसरं त्याहून मोलाचं : भेदभाव होऊ नये हा हक्क सही करून सोडून देण्याजोगा नाही. मूल आईबापाचं असलं तरी हा हक्क मुलाचा आहे. ओर्शुश खटल्यात पालक गप्प राहिले हा मुद्दा आला, तेव्हा न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं.

पालकसभेला न येणाऱ्या, आल्यावर मागे उभ्या राहून निघून जाणाऱ्या आया तुम्ही पाहिल्या असतील. मी खूप पाहिल्या. त्यांच्या गप्प बसण्याला संमती म्हणणं मला कधीच जमलं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्चीवर बसा म्हटलं तरी ज्या बाईला बसवत नाही, ती 'हा वर्ग नको' कशी म्हणेल?

आणि नुकसानभरपाईबद्दल : प्रत्येक मुलाला 4,500 युरो मिळाले. आठ वर्षांच्या लढाईनंतर.

प्रश्न : रोमा लोक मूळचे भारतातले. त्यांची भाषा आपल्यासारखीच असते असं ऐकलं आहे. मग भारत सरकारने तिथे शिक्षक पाठवायला हवे होते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रोमानी भाषा आपल्या भाषांच्या कुळातली आहे हे अगदी खरं. एक ते पाच हे आकडे त्यांच्या तोंडून ऐकले तर मराठी माणसाला सहज कळतील. पण मेजिमुर्येतले बहुतेक रोमा ती भाषा बोलतच नाहीत. ते बायाश गटाचे. त्यांचे पूर्वज आजच्या रुमानियाच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या गुलामगिरीत होते. ती गुलामगिरी कायद्याने संपली थेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. तोवर त्यांची रोमानी गेली आणि रुमानियन भाषेची एक जुनी बोली त्यांची मायबोली झाली. लाकूड कोरून काठवटी, पळ्या, भांडी करणारे हे लोक पुढे क्रोएशियात उतरले.

म्हणजे चाकोवेत्सजवळच्या वस्तीवरचं सहा वर्षांचं मूल घरी रुमानियन वळणाची बोली बोलतं, सरकारच्या कागदावर रोमा असतं, आणि शाळेत त्याच्याशी बोलतात क्रोएशियन. दिल्लीहून कुणी हिंदी शिक्षक गेला असता तर त्यालाही त्या मुलाचं बोलणं कळलं नसतं. मुलं 'रोमा' म्हणून एका वर्गात घातली, पण त्यांची खरी बोली कोणती याचा विचार शाळेच्या वेळापत्रकात कुठे दिसला नाही. त्यांना हवा होता त्यांच्याच वस्तीतला, दोन्ही भाषा येणारा मदतनीस शिक्षक. तसे मदतनीस तिथे नेमले गेले, आणि माझ्या मते झालेल्या कामांत ते सगळ्यात उपयोगाचं.

प्रश्न : आम्ही सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी शाळा टिकवण्यासाठी झगडतो आहोत. आमच्या मुलांना वेगळी शाळा हवी, तो आमचा हक्क आहे असं आम्ही म्हणतो. तुम्ही म्हणता रोमा मुलांना वेगळं बसवणं हा अन्याय. मग वेगळं असणं हक्क की अन्याय?
– एक निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव

उत्तर : सर, तुमचं पत्र आलं आणि मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली. यावर उत्तर देण्यासाठी क्रोएशियाइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडणार नाही, कारण त्या एकाच देशात तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत.

तिथे 2000 साली अल्पसंख्याकांच्या भाषेतून शिक्षणाचा कायदा झाला. त्यात तीन वाटा आहेत. अ वाटेत सगळं शिक्षण मातृभाषेतून, शिवाय क्रोएशियन सक्तीची. ब वाटेत दोन्ही भाषांतून. क वाटेत शाळा क्रोएशियन माध्यमाची, पण आठवड्यात काही तास मुलाची भाषा आणि संस्कृती. दारुवार गावात चेक माध्यमाची शाळा आहे, तिला यान आमोस कोमेन्स्की या थोर शिक्षणतज्ज्ञाचं नाव आहे. इस्त्रिया आणि रियेकाकडे इटालियन शाळा आहेत. ही मुलं वेगळी शिकतात आणि त्याला कुणी भेदभाव म्हणत नाही.

फरक बघा. दारुवारचं चेक मूल चेकमधून शिकतं, पुस्तक पूर्ण शिकतं, शिवाय क्रोएशियन शिकतं, आणि आईबापांना वाटलं तर उद्या शेजारच्या क्रोएशियन शाळेत जाऊ शकतं. वेगळेपण त्यांनी मागून घेतलेलं. मात्सिनेत्सच्या वेगळ्या वर्गातलं मूल मात्र शिकत होतं क्रोएशियनमधूनच! भाषा येत नाही म्हणून बाजूला काढलं, आणि बाजूला काढून त्याच न येणाऱ्या भाषेत शिकवलं. अभ्यासक्रमही कमी करून शिकवला जात होता, अशी त्यांची तक्रार होती. मातृभाषाही नाही, राज्याची भाषाही धड नाही.

तुमची मागणी पहिल्या जातीची आहे. आपल्या घटनेतही तिला आधार आहे : अनुच्छेद 30, आणि 1956 साली आलेला 350 अ, जो भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यांना प्रयत्न करायला सांगतो. बेळगावात मराठी शाळा मागणं आणि मराठी मुलांना शाळेच्या मागच्या खोलीत बसवणं या दोन गोष्टी आपल्याला न सांगता वेगळ्या कळतात, नाही का?

तरीही एक सावधगिरी सांगते, कारण तुम्ही मनापासून विचारलं आहे. क्रोएशियातच वुकोवार नावाचं शहर आहे. सर्ब आणि क्रोएट यांच्यातल्या युद्धानंतर, 1995 च्या एर्दुत शांतता करारानंतर, तिथल्या सर्ब मुलांना त्यांच्या भाषेतून शिकण्याची सोय झाली. हक्काचीच गोष्ट. पण सर्ब आणि क्रोएट मुलं बालवाडीपासून वेगळी वाढली, आणि युद्ध न पाहिलेली पिढीसुद्धा एकमेकांना परकी राहिली, याचं दुःख तिथले लोकच बोलून दाखवतात. म्हणून तुमच्या शाळेत कन्नड उत्तम शिकवली जावी आणि खेळाच्या मैदानावर कन्नड शाळेतली मुलं यावीत, असं मला फार वाटतं. हक्काला त्याने बाध येत नाही.

प्रश्न : निकाल 9 विरुद्ध 8 मतांनी लागला असं तुम्ही लिहिलं होतं. इतक्या जेमतेम मताने ठरलेल्या गोष्टीला एवढं महत्त्व का? आणि पुढे झालं तरी काय?
– एक वकील, अकोला

उत्तर : मत जेमतेमच होतं. त्याआधी, 2008 साली, त्याच न्यायालयाच्या सात जणांच्या पीठाने भेदभाव झाला नाही असं एकमताने ठरवलं होतं. विरोधी आठ न्यायाधीशांचा सूर असा, की घटना न्यायालयाने हे प्रकरण तपासून निर्णय दिला आहे, शाळेपुढची अडचण खरी आहे, आणि स्थानिक परिस्थिती दूर स्ट्रासबर्गमधून आपल्याला त्यांच्याहून जास्त कळते असं समजायचं कारण नाही. हा विचार मी हलका मानत नाही. तालुक्याच्या कचेरीतून आलेल्या फर्मानांनी बेजार झालेल्या कुणाही शिक्षकाला तो पटेल.

पण मला विचाराल तर नऊ जणांचं बरोबर होतं, आणि कारण साधं आहे. स्थानिक परिस्थिती कळणारे लोक तिथे काय करत होते? 2002 च्या सप्टेंबरात, म्हणजे खटला चालू असतानाच, त्याच जिल्ह्यातल्या द्रझिमुरेत्स-स्त्रेलेत्स या गावी इतर पालकांनी शाळेच्या दारात उभं राहून रोमा मुलांना आत जाऊ दिलं नाही. त्यांना वेगळे वर्ग हवे होते. अशा गावात मुख्याध्यापकाने एकट्याने सरळ वागावं ही अपेक्षाच चुकीची. त्याला पाठबळ बाहेरूनच यायला हवं.

पुढे काय झालं, तर काही खरंच झालं. भाषा तपासण्याची आणि शिकवण्याची पद्धत लिहून काढली गेली. शाळेआधीचं तयारीचं वर्ष देशातल्या सगळ्याच मुलांना सक्तीचं झालं. माझ्या दृष्टीने हे फार मोठं काम, कारण सहाव्या वर्षी पहिल्यांदा क्रोएशियन कानावर पडण्याऐवजी ती पाचव्या वर्षी पडू लागली. आठवी पार करून पुढे जाणारी रोमा मुलं आज पूर्वीपेक्षा जास्त आहेत.

आणि काही झालं नाही. नियमाने केलेले वेगळे वर्ग गेले, पण वस्त्यांजवळच्या शाळांत निव्वळ रोमा वर्ग उरलेच, कारण इतर पालक आपली मुलं दुसऱ्या शाळांत घालू लागले. हे न्यायालयाच्या हुकमाने थांबत नाही. जून 2019 मध्ये चाकोवेत्सच्या चौकात हजारएक लोक 'मला सामान्य आयुष्य हवं' असे फलक घेऊन उभे राहिले, त्यांचा रोख रोमा वस्त्यांकडे होता. ते आयुष्य रोमा आईलाही हवं असतं, हे त्या दिवशी रोमा पुढाऱ्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून गावातल्या बऱ्या घरची मुलं निघून जातात आणि शाळेत फक्त वाड्या-वस्त्यांवरची उरतात, तेव्हा कुणी कुणाला वेगळं काढलं म्हणायचं? वकील आहात, तुम्हीही यावर लिहा.

प्रश्न : मी झाग्रेबमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. माझी बायको आणि नऊ वर्षांची मुलगी या उन्हाळ्यात माझ्याकडे येणार आहेत. मुलीला मराठी आणि थोडं इंग्रजी येतं. तुमचा लेख वाचून धास्ती बसली. तिला वेगळ्या वर्गात टाकतील का?
– एक वाचक, झाग्रेब

उत्तर : धास्ती घेऊ नका, भाऊ. तुमच्या मुलीला आज जे मिळेल ते त्या पंधरा मुलांना मिळालं नव्हतं, आणि ते मिळण्यात त्यांच्या लढाईचा वाटा आहे.

तिचा तुमच्यासोबत राहण्याचा परवाना झाला की तिला सरकारी शाळेत प्रवेश मिळायला हवा, फी नाही. प्राथमिक शाळेत पाठ्यपुस्तकंही सरकार देतं. शाळेची समिती तिला भेटेल, क्रोएशियन किती येतं ते बघेल आणि वयाप्रमाणे वर्ग ठरवेल. भाषेसाठी तिथे तयारीचे वर्ग असतात, ठरलेल्या तासांचे. त्यासाठी तिला थोडा वेळ वेगळं बसवतील आणि बाकीचा वेळ ती आपल्या वर्गात इतर मुलांबरोबर असेल. तास पुरे झाले की भाषा पुन्हा तपासतात.

तुम्ही एवढं करा : शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते, तेव्हा प्रवेशाला जुलै-ऑगस्टची वाट न बघता आधीच शाळेत जाऊन भेटा. इथला दाखला आणि गुणपत्रक यांचं अधिकृत भाषांतर लागेल, ते बायकोला निघण्यापूर्वी तयार ठेवायला सांगा. भाषेचे तास कोणत्या महिन्यापासून लागणार ते लेखी मागा, कारण शिक्षक मिळेपर्यंत ते लांबतात. पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत चालतात, एक आठवडा सकाळी आणि एक आठवडा दुपारी. तुमची हॉटेलची पाळी त्याच्याशी जुळवून ठेवा. आणि प्रगतिपुस्तक हातात आलं की घाबरू नका : तिथे 5 म्हणजे उत्तम, 1 म्हणजे नापास.

घरात तिच्याशी मराठीच बोला. वर्गात पहिले काही महिने ती गप्प राहील, राहू द्या. दिवाळीच्या सुमाराला ती कशी रमली ते मला जरूर कळवा.